दिवा लागला, पण पुढची चाकं ढिम्म

जुनी जिप्सी घेतली तेव्हा माझी समजूत एवढीच होती की गिअरशेजारचा छोटा दांडा फोर-एचवर टाकला की चारही चाकं ओढतात. लावणीच्या दिवसांत भोरजवळ दाजींच्या शेतावर गेलो आणि बांधाकडेच्या वाटेवर गाडी रुतली. दांडा टाकला, डॅशबोर्डवर फोर-व्हीलचा दिवा लागला, मी खूश. ॲक्सिलरेटर दाबला तर मागची चाकं चिखल उडवत गरागरा आणि पुढची जागची हलेनात.

दाजी काचेशी आले. “काय पावणं, पुढच्या चाकाचं खटकं लॉक केल्यात का?”

चाकाच्या मधोमध फ्री आणि लॉक लिहिलेली गोल चकती असते. चार महिने मी ती इमानेइतबारे धूत होतो, फिरवली कधीच नव्हती.

डावी हाताने फिरली. उजवी चिखलात बुडालेली, वर जाम. म्हटलं, एक तर एक. पण पुढचं एकही चाक हललं नाही. शेवटी चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरने ओढून काढलं, आणि दाजींना वर्षभराचा विषय मिळाला.

असं का झालं ते नंतर मेस्त्रींकडे हब, म्हणजे त्या चकतीमागचा चाकाचा मधला भाग, खोलला तेव्हा कळलं. दांड्यामुळे जोर ट्रान्सफर केसमधून, म्हणजे पुढे-मागे जोर वाटणाऱ्या डब्यातून, पुढच्या प्रॉपेलर शाफ्टला (लांब फिरत्या दांड्याला) जातो, तिथून डावी-उजवीकडे जोर वाटणाऱ्या डिफरन्शियलला आणि प्रत्येक चाकाकडे जाणाऱ्या दोन हाफ शाफ्टना. दिवा फक्त दांडा पडल्याचं सांगतो. हाफ शाफ्टचं टोक आणि चाक यांना जोडते ती हबमधली खाचांची सरकती रिंग. फ्रीवर ती सुटलेली असते, लॉकवर दोघांना एकत्र बांधते. एकच बाजू लॉक केली तर काय होणार? डिफरन्शियल अडथळा कमी तिकडे फिरतं, म्हणजे माझा उजवा शाफ्ट आतल्या आत मोकळा गिरक्या घेत होता.

मग फ्री ठेवायचंच कशाला? लॉक राहिलं तर डांबरीवर पुढचे शाफ्ट, डिफरन्शियल उगाच फिरत राहतात. आवाज, झीज आणि पेट्रोल. महायुद्धानंतर लष्कराच्या जीप लोकांनी रस्त्यावर आणल्या, तेव्हा आर्थर वॉर्न या अमेरिकन गृहस्थाने १९४८ मध्ये असे हब बनवायचा धंदाच सुरू केला.

माझ्या उजव्या हबात पाणी शिरलं होतं, ग्रीस वाळलेल्या गुळासारखं झालेलं. मेस्त्रींनी डिझेलमध्ये धुतलं, नवीन गॅस्केट टाकलं, ग्रीसचा नुसता हात फिरवला. कोंबलं की रिंग चिकटते म्हणे. चकतीला पक्कड लावायची नाही, हेही त्यांनी दरडावून सांगितलं. खाचा जुळत नसतील तर गाडी फूटभर पुढे-मागे घ्यायची, रिंग आपोआप बसते.

दुसरी चूक त्याच आठवड्यात केली. कच्च्यावरून फोर-एचमध्येच कोरड्या डांबरीवर आलो. वळणावर स्टिअरिंग जड, आणि दांडा निघेना. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि या गाडीत तो फरक सोसायला मधलं डिफरन्शियल नाही; सगळा पीळ शाफ्टांत साठतो. चार फूट रिव्हर्स घेतली तेव्हा सुटला. हब लॉक आणि दांडा टू-एचवर, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर, असेल तर मात्र डांबरीवर असा पीळ बसत नाही.

म्हणून आता दाजींच्या फाट्यावर, डांबर संपायच्या आधीच उतरतो आणि दोन्ही लॉक करतो. आधी उजवा.