पऱ्हाटीचा हिशोब

मागच्या आठवड्यात गावी गेलो होतो, यवतमाळकडे. कापूस वेचून झालेला, आणि संध्याकाळ झाली की या बांधावर त्या बांधावर पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचे, ढीग पेटलेले. डोळे चुरचुरत होते आणि डोक्यात एकच, अरे ही वीज जळतेय राव!

बायोमासची, म्हणजे काडीकचरा जाळून बनवलेली वीज म्हटलं की आपल्याला साखर कारखाना आठवतो आणि देशातली बहुतेक बायोमास वीज खरंच बगॅसवरच, म्हणजे उसाच्या चिपाडावरच बनते, कारण ऊस तर कारखान्यात येतोच, रस काढला की 100 टनांमागे जवळपास 30 टन चिपाड बॉयलरच्या दारातच पडतं, गोळा करायला कुठे जावंच लागत नाही. पऱ्हाटीचं सगळं दुखणं तिथेच आहे.

हिशोब करून बघा. एका युनिटला साधारण सव्वा किलो काडीकचरा लागतो, म्हणजे 10 मेगावॅटचा प्लांट दिवसरात्र चालवायचा तर रोज 300 टन. कोरडवाहू एकरात टनभर पऱ्हाटी धरली तर रोज 300 एकर! आणि ती निघते दोन-तीन महिन्यांत, प्लांटला लागते वर्षभर, मग साठवायला जागा हवी, पावसात ताडपत्री हवी, आगीची भीती वेगळीच. अख्ख्या पऱ्हाट्या भरल्या तर ट्रॉली डोंगरासारखी दिसते आणि काट्यावर वजन काहीच भरत नाही, डिझेल मात्र पूर्ण जातं. म्हणून कुट्टी शेतातच व्हायला पाहिजे आणि ब्रिकेटचं, म्हणजे ती कुट्टी दाबून विटा करायचं मशीन गावाजवळ.

2021 मध्ये केंद्रानी कोळशाच्या वीज केंद्रांना 5 टक्के पेलेट (काडीकचरा दाबून केलेल्या गोळ्या) मिसळायचं धोरण आणलं, म्हणजे गिऱ्हाईक आहे. पण बाबा म्हणाले, "उपटायची मजुरीच सुटत नाही, काडी लावलेली परवडते." खरं आहे त्यांचं. म्हणून घेणाऱ्यांनो, भाव बॉयलरच्या दारातला नाही, बांधावरचा सांगा, आणि वेचणी संपायच्या आत सांगा.

अजून एक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. उभ्या पऱ्हाटीतल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी राहते आणि पुढच्या हंगामात तीच परत येते, म्हणून फरदड (वेचणीनंतरही पीक उभं ठेवून घेतलेला कापूस) घेऊ नका असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. वेळेवर कुणी श्रेडर, म्हणजे कुट्टीचं मशीन घेऊन आलं तर शेतही मोकळं होईल आणि अळीचं घरही मोडेल.

आमची दीड एकराची अजून उभी आहे. बाबांना म्हटलं चार दिवस काडी लावू नका, तालुक्याच्या ब्रिकेटवाल्याशी बोलतो, आजूबाजूच्या चार जणांची मिळून दिली तर तो मशीन पाठवेल कदाचित.