“सेट होईल साहेब”: नवीन गाडी ताब्यात घेतानाचा माझा अनुभव

बुकिंग, कर्ज, विमा कुठंच काही अडलं नाही. अडलं ते मागच्या डाव्या दरवाजावर. पुढच्या आणि मागच्या दरवाजामधल्या फटीत वर सहा एटीएम कार्डं जात होती, खाली चारच. उजवीकडे वर-खाली पाच-पाच. सपाट कार्ड 0.76 मिमी जाड असतं, म्हणजे वर साधारण साडेचार मिमी आणि खाली तीन. दरवाजावरची आडवी रेघ, म्हणजे पत्र्याची घडीही मागच्या टोकाला खाली उतरलेली.

शोरूमवाल्यांचं उत्तर ठरलेलं: “वापरात सेट होईल साहेब.”

सेट होतं ते रबर. दरवाजाच्या कडेचं हे नवीन बीडिंग ताठ असतं, त्यामुळे सुरुवातीला दरवाजा जोरात लावावा लागतो. त्यात काचा बंद असल्या की आतली हवाही अडवते. एक काच दोन बोटं खाली करा, फरक लगेच कळतो. सीटचा फोमही बसतो, वास जातो. पण पत्र्याची फट आपोआप सरळ होत नाही.

दुसऱ्या फेरीत मेकॅनिकनं फक्त लॉकची खुंटी, म्हणजे स्ट्रायकर, खाली घेतला. आधी दरवाजा हळू लावला की लॉक खुंटीवर चढताना तो किंचित उचलला जायचा, ते थांबलं. बाकी कार्डं तेवढीच! कड लोंबते ती बिजागरीमुळे. तिचे बोल्ट ढिले करून, मागची कड उचलून पुन्हा आवळावे लागतात आणि मग स्ट्रायकर मूळ जागी आणावा लागतो. हे करताना बोल्टच्या डोक्यावरचा रंग तुटतो, तो तिथंच लावून घ्या, नाहीतर गंज धरतो. आणि तो रंग आधीच तुटलेला दिसला तर दरवाजाला कुणी हात लावलाय, हे विचारायलाच हवं.

तीन चकरा झाल्या. तिसऱ्या वेळी शोरूममधल्या डिस्प्ले गाडीच्या फटीत त्यांच्यासमोर कार्डं घालून दाखवली, तेव्हा “कंपनीचं असंच येतं” बंद झालं.

हे सगळं पासिंगच्या आधी. नंबर पडला की गाडी तुमची, आणि मग प्रत्येक तक्रार “सर्व्हिसला आणा”. पाडवा-दसऱ्याची डिलिव्हरी तर टाळाच. हार-पेढ्यांच्या गर्दीत फट कोण मोजतंय? गाडी उन्हात बाहेर काढायला लावा, बेसमेंटच्या ट्यूबलाइटखाली रंगातला फरक दिसत नाही.

आत डॅशबोर्ड ठोकून मऊ की कडक बघण्यात फारसा अर्थ नाही. ग्लोव्ह बॉक्स बंद करून दोन्ही कडा समान बसतात का, हे बघा. ए-पिलरचं, म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबाचं कव्हर अंगठ्यानं दाबा. करकरलं तर क्लिप नीट बसलेली नाही, आणि तो आवाज खड्ड्यांत वाढत जातो. चकचकीत काळं प्लास्टिक कोरड्या फडक्यानं पुसू देऊ नका, पहिल्याच दिवशी ओरखडे पडतात.

हो, टायर राहिलेच. बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: 2324 म्हणजे टायर 2024 सालच्या 23व्या आठवड्यात बनला. पाचही वाचा, डिकीतला स्टेपनीसुद्धा.