आमची वाटचाल : रविवारचा बाजार आणि आमची बिस्किटं

आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो आणि घरी नाचणी, ज्वारी, बाजरीची बिस्किटं, नानकटाई आणि थोडे केक करून रविवारच्या शेतकरी आठवडे बाजारात विकतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी मोठी जाऊ, त्यांना मी वहिनी म्हणते, आणि आता मदतीला जवळच्या वस्तीतल्या दोघीजणी. खूप जण विचारतात सुरुवात कशी केली, दुकान का नाही काढलं, मॉलमधे का नाही देत, तर एकदा सगळं नीट लिहूनच टाकते.

२०१६ च्या जुलैमधे राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि त्यानंतर पुण्यात ठिकठिकाणी आठवडे बाजार वाढायला लागले. शेतकऱ्यांचे गट पहाटे टेम्पो भरून येतात आणि थेट विकतात. आम्ही आधी तिथे फक्त गिऱ्हाईक म्हणून जायचो. भाजीच्या रांगेच्या शेवटी बचत गटांचे दोनचार टेबल असायचे, पापड, चटण्या, भाजणी वगैरे, पण चहाबरोबर खायला काही भाजलेलं कोणाकडेच नव्हतं. वहिनी तिथेच म्हणाल्या, "आपण बिस्किटं आणूया का गं?" त्यांचं माहेर मंगळवेढ्याकडचं. त्यांच्याकडे दिवाळीच्या आधी घरून मैदा, डालडा, साखर घेऊन बेकरीत जायचं आणि भट्टीवर नंबर लावून पत्र्याचे डबे भरून बिस्किटं आणायची अशी पद्धत होती, तुमच्यापैकी पण खूप जणांच्या गावाला असेल. त्यामुळे वहिनींना प्रमाण तोंडपाठ. पण आम्ही दोघींनी पहिल्याच दिवशी ठरवलं की मैदा नाही आणि डालडा नाही, जे धान्य त्या बाजारात समोर मिळतंय त्याचंच करायचं.

बोलायला सोपं आहे हे. मैद्यात जो चिकटपणा असतो तो नाचणीत नाही, ज्वारीत नाही, बाजरीत पण नाही. नुसत्या नाचणीचं बिस्किट ट्रेवरून उचलतानाच भुगा होतो. आम्ही नाचणी मंद आचेवर भाजून मग दळायला लागलो, त्याने कच्चट वास जातो आणि चव खमंग येते, आणि साठ टक्के नाचणीला चाळीस टक्के कणीक असं प्रमाण शेवटी पक्कं झालं. साखरेऐवजी गूळ, तो पण किसून नाही तर थोड्या गरम दुधात विरघळवून गाळून घ्यायचा, म्हणजे पीठ धरून राहतं आणि गुळातले खडे दाताखाली येत नाहीत. गुळाचं बिस्किट साखरेच्या मानाने लवकर लाल होतं म्हणून ओव्हन १५० अंशांच्या आसपास ठेवून जास्त वेळ भाजायचं. घाई केली की वरून काळं आणि आतून मऊ.

आणि तूप. बटरमधे साधारण १६ टक्के पाणी असतं, तुपात जवळजवळ नसतंच, त्यामुळे तुपाचं बिस्किट जास्त खुसखुशीत होतं आणि तोंडात टाकलं की विरघळतं. पण तूप रवाळ असताना फेटलं तरच हलकं होतं, आणि पुण्यात एप्रिल-मेमधे ते रवाळ राहतंय कुठे! उन्हाळ्यात आम्ही पहाटे पाचला तूप फेटतो, गोळे करून तासभर फ्रिजमधे ठेवतो मगच ओव्हनमधे, नाहीतर सगळी नानकटाई ट्रेभर पसरते. पावसाळ्यात उलटा त्रास, हवेतला ओलावा ओढून अर्ध्या तासात बिस्किट मऊ पडतं, म्हणून ट्रे पूर्ण गार झाल्या झाल्या डब्यात बंद, आणि बाजारात चव द्यायची प्लेट सुद्धा झाकून ठेवायची.

धान्याचं सांगायचं तर ज्वारी मालदांडी जातीची, वहिनींच्या भावाच्या शेतातली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मधे जीआय मानांकन, म्हणजे त्या भागाची खासियत म्हणून सरकारी ओळख, मिळालंय आणि ते का मिळालं हे भाकरी खाल्लेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. नाचणी वेल्हे भागातल्या एका शेतकरी ताईंकडून, त्यांचा तांदळाचा स्टॉल आमच्या शेजारीच असतो. बाजरी मात्र आम्ही फक्त थंडीत वापरतो. बाजरीच्या पिठात तेलाचा अंश जास्त, दळल्यावर काही दिवसातच ते कडवट लागायला लागतं, म्हणून गुरुवारी दळण, शुक्रवारी भाजणं, रविवारी विक्री, यापेक्षा जास्त थांबायचंच नाही. भोगी-संक्रांतीच्या आठवड्यात बाजरी-तीळ-गुळाची बिस्किटं करतो, ती सकाळी नऊच्या आत संपतात. गिरणीवाले दादा आमची सगळी दळणं एका दिवशी वेगळी लावून देतात, त्यांचे उपकार विसरता येणार नाहीत.

दुकानाच्या प्रश्नाचं उत्तर पण यातच आहे. आमचा सगळा माल आठवड्याच्या हिशोबावर बसवलेला आहे. रविवारी घेतलेलं पाकीट बहुतेक घरात पुढच्या रविवारच्या आत संपतं, त्यामुळे आम्हाला प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही, पाम तेल लागत नाही, टिकण्यासाठी म्हणून काहीही घालावं लागत नाही. मधे एका दुकानदारांनी मोठी ऑर्डर देऊ केली, पण त्यांना पाकिटावर सहा महिन्यांची मुदत हवी होती. त्यांचं पण बरोबर आहे, माल शेल्फवर किती दिवस राहील त्यांना माहीत नसतं. पण साजूक तूप सहा महिने पिठात नीट राहत नाही, खवट होतंच. म्हणजे ती ऑर्डर घ्यायची तर तूप काढायला लागलं असतं, आणि तूप काढलं की उरलं काय? घरात दोन दिवस चर्चा झाली, पैसे चांगले होते, पण आम्ही नाही म्हणालो. मला आजही तो निर्णय योग्यच वाटतो.

कागदपत्रांबद्दल नवीन मुली फार घाबरतात म्हणून सांगते. आम्ही सुरू केलं तेव्हा वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, नुसतं रजिस्ट्रेशन पुरायचं, फी वर्षाला १०० रुपये, चौदा आकडी नंबर मिळतो तो पाकिटावर छापायचा. नियम बदलत असतात तेव्हा तुम्ही अर्ज करण्याआधी साईटवर बघून घ्या. लेबलवर घटक, वजन, किंमत, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावं ते, पत्ता आणि शाकाहारी असेल तर हिरवा ठिपका. आमचं सगळं बिनअंड्याचं आहे. श्रावणात आणि चतुर्थीला तर प्रत्येक दुसरा माणूस आधी तेच विचारतो.

विचारतात त्यातला दुसरा प्रश्न, "गुळाचंय ना, मग डायबेटिसला चालेल?" मी स्पष्ट नाही सांगते. गूळ म्हणजे पण साखरच, रक्तात जाऊन तेच करणार. यामुळे विक्री थोडी कमी होते पण समोर आजोबा उभे असताना खोटं कसं बोलायचं. तसंच ग्लुटेन-फ्रीचं, ग्लुटेन म्हणजे गव्हातला तो चिकटपणा देणारा घटक, काहींना तो सोसत नाही. कणीक आहे त्यात तर प्रश्नच नाही, पण आमची नुसती ज्वारीची पण एक नानकटाई आहे, तिच्यावर सुद्धा आम्ही ग्लुटेन-फ्री लिहीत नाही, कारण तसं लिहायला किलोमागे २० मिलीग्रॅमच्या आत ग्लुटेन असावं लागतं आणि आमचं दळण सगळ्यांच्या गिरणीत होतं जिथे गहू पण दळतात. ज्यांच्या मुलाला खरंच त्रास आहे त्या आईला हे माहीत असायलाच हवं.

फळांचा भाग मला सगळ्यात आवडतो. बाजार उठताना शेजारच्या दादांकडे जास्त पिकलेली केळी उरतात, ती आम्ही घेतो, कुस्करून फ्रीजरला टाकतो आणि पुढच्या आठवड्यात कणकेचा केळ्याचा केक होतो. उन्हाळ्यात पुरंदरचे अंजीर येतात, त्या हंगामाला मीठा बहार म्हणतात, ते एक-दोन दिवसाच्या वर टिकत नाहीत. त्यातले फुटलेले, डाग पडलेले शेतकरी कमी भावात देतात. आम्ही त्याचा घट्ट जॅम करतो आणि ज्वारीच्या नानकटाईच्या मधे अंगठ्याने खळगा करून भरतो. ही आमची सगळ्यात जास्त विकली जाणारी वस्तू आहे, आणि ती बाजारात उभं राहिल्याशिवाय सुचलीच नसती. सीताफळाचा केक करा असं दर पावसाळ्यात कोणीतरी सांगतंच, पण सीताफळाचा गर तापवला की कडू होतो, तेव्हा ज्यांना हवंय त्यांनी सरळ शेजारच्या स्टॉलवरून सीताफळ घेऊन चमच्याने खावं, त्याच्यासारखं सुख नाही.

२०२० च्या मार्चमधे लॉकडाऊन लागला, ऐन गुढीपाडव्याला, आणि बाजार बंद. पण शेतकरी गटांनी सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ऑर्डर घेऊन भाजी गेटपर्यंत पोचवायला सुरुवात केली आणि गटाच्या दादांनी स्वतःहून फोन केला, ताई तुमची पाकिटं पण टाकू का गाडीत. त्या दिवसात आम्ही पूर्वीपेक्षा जास्त भाजत होतो, मुलं घरात होती ना सगळ्यांची. छोट्या ओटीजीवर, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनवर, ते भागेना. ओटीजीत मागच्या बाजूची आच जास्त, मधेच दार उघडून ट्रे फिरवायला लागतो, नाहीतर अर्धी बिस्किटं गोरी आणि अर्धी करपलेली. त्याच वर्षी केंद्राची सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना आली होती, प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख, पण बँकेचं कर्ज घ्यावं लागायचं आणि स्वतःचे किमान १० टक्के. आम्ही नंतर त्यातून एक डेक दोन ट्रेचा, म्हणजे एका कप्प्यात दोन ट्रे बसतात असा मोठा ओव्हन घेतला. अर्ज भरायला जिल्ह्याला नेमलेली माणसं होती, त्यांनी मदत केली, योजना आता चालू आहे का ते कृषी कार्यालयात विचारा. कर्जाचा हप्ता चुकू नये म्हणून वहिनींनी रविवारचा गल्ला मोजायच्या आधीच एक भाग बाजूला काढायची सवय लावली, ती अजून आहे.

किंमत ठरवताना मात्र बायका स्वतःच्या हातांचे पैसे धरत नाहीत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. तूप, धान्य, गूळ, दळण, वीज, पाकीट, स्टॉलचं भाडं, रिक्षा आणि त्यात तुमचे आणि मदतनीस बायकांचे तास, हे सगळं धरूनच भाव लावा. "बिस्किटाचा पुडा तर दहा रुपयाला येतो" असं म्हणणारे येणार, त्यांच्या हातावर एक बिस्किट ठेवायचं आणि पाकिटावरचे घटक वाचायला द्यायचे, वाद घालायचा नाही. त्यातले कितीतरी जण आता नेहमीचे झालेत. २०२५ च्या सप्टेंबरपासून तूप-लोण्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा आम्ही भाव कमी नाही केला, त्याऐवजी दोघी मदतनीसांचा पगार वाढवला आणि बोर्डावर तसं लिहून लावलं. एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही.

आता पुढचं. या थंडीत बाजरीबरोबर हुरड्याच्या दिवसात ज्वारीची खारी बिस्किटं करून बघतोय, ओवा आणि लसूण घालून, चवीला आणेन तेव्हा खरं मत सांगा. स्वतःचा डबा आणलात तर सुटी बिस्किटं पाकिटापेक्षा पाच रुपये कमीने देतो. केळ्याचा केक हवा असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा, कारण तो शनिवारी रात्री होतो आणि मोजकाच होतो. आणि ज्यांना असंच काही सुरू करायचंय त्यांनी रविवारी दहानंतर या, तेव्हा गर्दी ओसरते आणि वहिनी मोकळ्या असतात, त्या तुपाचं प्रमाण कोणालाही सांगतात.