रेघ नदीतून गेली

लातूर जिल्ह्यात मांजरेच्या काठावरची पाच गावं. त्यांच्या शेतकरी उत्पादक कंपनीला सोयाबीन वाळवायला, चाळायला आणि साठवायला एक गोदाम बांधायचं होतं. ते कुठं बांधायचं, हे काढायला मला बोलावलं होतं. चार गावं नदीच्या अल्याड, एक पल्याड. आणि पल्याडच्या गावाचाच माल सगळ्यात जास्त, वीस हजार क्विंटलपैकी सहा हजार.

मी गुरुत्वकेंद्राची रीत वापरली. नकाशावर चौकटी आखायच्या, प्रत्येक गावाचा आडवा आणि उभा आकडा घ्यायचा, त्याला त्या गावच्या मालानं गुणायचं आणि बेरजेला एकूण मालानं भागायचं. माल जिकडं जास्त, तिकडं बिंदू ओढला जातो. माझा बिंदू आडवा 6.9, उभा 7.2 किलोमीटरवर आला. काटेकोर बघितलं तर ही रीत अंतरांच्या वर्गांची बेरीज कमी करते, अंतरांची नाही. वाहतुकीचा खर्च कमीत कमी कुठं येतो हा प्रश्न आल्फ्रेड वेबर यांनी 1909 मध्ये कारखान्यांसाठी मांडला होता. त्यासाठी बिंदू पायरीपायरीनं सरकवत नेण्याची वाइसफेल्ड यांची 1937 ची पद्धत आहे. तीही करून बघितली. बिंदू सव्वा किलोमीटर सरकला, तोही नदीपासून आणखी लांब. मी पहिलाच बिंदू धरला, कारण तिथली गायरानाला लागून असलेली जागा मिळण्यासारखी होती.

शाळेच्या वऱ्हांड्यात बैठक झाली. भिंतीवर तक्ता लावून पाचही गावांतून बिंदूकडे लाल रेघा ओढल्या होत्या. पल्याडच्या गावची एक मावशी उठून तक्त्याजवळ आली. शेंगा तोडून काळी पडलेली बोटं तिनं त्यांच्या गावच्या रेघेवरून हळूहळू फिरवली आणि निळ्या पट्ट्यावर थांबवली.

“लेकरा, तुझी रेघ पान्यातून चाललीया. आमचं टॅक्टर कुटून जाईल?”

माझ्या हिशेबात ते अंतर 5.4 किलोमीटर होतं. पुलावरून रस्त्यानं 14.

मी म्हणालो, रस्त्याची अंतरं घालून पुन्हा हिशेब करतो. त्यावर ती जे बोलली, ते मला कुठल्याच सूत्रानं सांगितलं नसतं. “चौदा कोस का किलोमीटर, त्ये तू मोज. पर सोयाबीनची बनीम मोडली की हातात पैसा पायजे. यवढ्या लांब कोन येतंय? आमी दारात आल्याला आडत्याला घालू.”

म्हणजे ते सहा हजार क्विंटल आलेच नसते. मी मालाचे आकडे पक्के धरून जागा शोधत होतो, आणि इथं जागेवरच माल ठरत होता.

दुपारी मोटारसायकलवरून सगळे रस्ते मोजले. पुलाजवळ अल्याडच्या बाजूला डांबरी रस्त्याला लागून एक पडीक तुकडा होता, तोही धरला. मग प्रत्येक गावाचा टनातला माल गुणिले रस्त्याचं अंतर, अशी टन-किलोमीटरची बेरीज केली. पहिल्या जागेला 16,000 टन-किलोमीटर, पुलाजवळच्या जागेला 15,700. तीनशेचा फरक. एवढ्यावर कुणी गोदाम हलवत नाही. पण पुलाजवळून पल्याडचं गाव फक्त सहा किलोमीटर होतं. शिवाय पहिल्या जागेकडचा शेवटचा रस्ता काळ्या मातीचा. सोयाबीन निघताना परतीचा पाऊस लागला की भरलेली ट्रॉली तिथं आसापर्यंत रुतणार, आणि भिजलेल्या मालात ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की भाव तुटणार. मी पुलाजवळच्या तुकड्याच्या बाजूनं बोललो.

तेव्हा दक्षिणेकडच्या गावचे एक काका शांतपणे म्हणाले, “साहेब, मग आता आमी तेरा किलोमीटर. आमचा माल चार हजार क्विंटल. आमी काय करायचं?”

त्यांचं खरं होतं. मावशीला जो हिशेब लागू, तोच त्यांनाही. ज्याच्या वाट्याला लांबचा रस्ता आला, त्याच्यापुढं एकूण बेरीज कमी झाली म्हणून सांगायला मला तोंड नव्हतं. त्यांच्या गावात माल गोळा करायचा, तिथंच तोलायचा, पावती तिथंच द्यायची आणि ट्रक भरला की कंपनीच्या खर्चानं गोदामात न्यायचा, असं सुचवलं. टन-किलोमीटर तेवढेच राहतील, पण तेरा किलोमीटरचा रस्ता शेतकऱ्याच्या अंगावर येणार नाही. संचालकांनी ट्रकचं भाडं लिहून घेतलं. काका लगेच हो म्हणाले नाहीत.

संध्याकाळी त्यांच्याबरोबर त्यांच्या गावी गेलो. ग्रामपंचायतीच्या मागं एक जुनी खोली होती. कुलूप गंजून बसलेलं, दगडानं ठोकावं लागलं. काकांनी आत जाऊन पत्र्याकडं वर बघितलं, कोपऱ्यात हात लावून भिंतीची ओल तपासली आणि विचारलं, “काटा कधी आणताव?”