पिकअप दोन इंच उंच केली, त्यानंतर

देवगड तालुक्यातील आमच्या कलमांच्या बागेकडे जाणारी वाट डांबरी रस्ता सोडल्यावर आधी सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरून, जाते आणि मग घाटीने खाली उतरते. या घाटीत दोन चाकोऱ्यांच्या मधोमध जांभ्याचा एक कंगोरा वर आलेला आहे. पावसाने चाकोऱ्यांतली माती धुऊन नेली की चाके खोल जातात, कंगोरा जागच्या जागी राहतो आणि गाडीचे पोट त्याला घासते. २०१८ साली मी इसुझु डी-मॅक्स व्ही-क्रॉस ही पिकअप घेतली आणि पहिला पावसाळा सरल्यावर खाली वाकून पाहिले, तेव्हा मागच्या डिफरन्शियलच्या गोळ्यावर, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीवर, या दगडाने ओढलेली बोटभर लांबीची पांढरी रेघ दिसली. गाडी उंच करायचे मी ठरवले ते या रेघेमुळे.

त्या वेळी मला परवडला तो संच सर्वांत स्वस्त होता. पुढच्या शॉकअब्सॉर्बरच्या डोक्यावर बसवायच्या ॲल्युमिनियमच्या जाड चकत्या आणि मागच्या पाट्यांसाठी, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगसाठी, लांब शॅकल (पाट्याचे एक टोक चेसिसला टांगणारी कडी), एवढेच त्यात होते. या गाडीला पुढे दुहेरी विशबोनच्या, म्हणजे चाक धरून वर-खाली हलणाऱ्या दोन हातांच्या, रचनेत कॉइल स्प्रिंग आहे आणि मागे पाटे आहेत. पुढची स्प्रिंग चाकापासून आत, विशबोनच्या मध्यावर कुठेतरी टेकते, म्हणून तिथे एक इंचाची चकती घातली की चाकापाशी जवळजवळ दोन इंच उंची मिळते. मागे हिशेब उलटा असतो. शॅकल दोन इंच लांब केला तर पाट्याचे एकच टोक खाली जाते आणि मधोमध असलेल्या एक्सलपाशी गाडी एकच इंच उचलली जाते. एका दुपारीत काम झाले. संध्याकाळी गाडी खळ्यात उभी केली तेव्हा मी तिच्याभोवती तीन-चार फेऱ्या मारल्या, आणि मला तिचा खरोखर अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी घाटी उतरताना तोच दगड त्याच गोळ्याला तसाच घासला.

हे असे का झाले, ते मला खरे तर आधीच कळायला हवे होते. मागचा एक्सल हा एक अखंड दांडा असतो, तो दोन्ही चाकांच्या मध्यातून जातो आणि डिफरन्शियलचा गोळा त्याच्याच पोटात बसलेला असतो. पाटे बदला, शॅकल बदला, चेसिस आणि केबिन वर जाते, पण एक्सल चाकाच्या मध्याला बांधलेला असल्यामुळे तसूभरही हलत नाही. गोळ्याखालची जागा वाढवण्याचा मार्ग एकच, मोठ्या व्यासाचे टायर. माझ्या गाडीला २४५/७० आर १६ मापाचे टायर होते, त्यांचा व्यास सुमारे ७४९ मिलिमीटर भरतो. २६५/७० आर १६ घेतले तर तो सुमारे ७७७ होतो, म्हणजे फरक २८ मिलिमीटर, आणि त्यातला निम्माच, १४ मिलिमीटर, गोळ्याखाली मिळतो. शिवाय स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६२ च्या वेगाने धावत असते. गाडी उंच करू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी आता आधी हेच विचारतो की तुमच्या गाडीला नेमके काय घासते आहे. पुढचा बंपर चढाला टेकत असेल, मधले पोट कंगोऱ्यावर बसत असेल, तर स्प्रिंगची उंची कामाला येते. मागचा गोळा घासत असेल तर येत नाही.

या चकत्यांची खरी किंमत पुढच्या पावसाळ्यात कळली. जुलैमध्ये एका सकाळी देवगड बाजारात गाडी वळवताना, स्टेअरिंग पूर्ण डावीकडे असताना, पुढून टक-टक-टक असा आवाज आला. सरळ चालताना काही नाही, वळताना पुन्हा टक-टक. मी गाडी बाजूला घेऊन चाकाच्या मागे पाहिले. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे अर्धवर्तुळात उडालेले होते, आणि पुढच्या एक्सलच्या टोकाच्या सांध्यावरचा रबरी बूट, म्हणजे घड्यांचे आवरण, दोन घड्यांच्या मध्ये, वाटीच्या काठासारखा सरळ कापलेला होता. आत बोट घातले तर ग्रीस काळे राहिलेलेच नव्हते. ते विटकरी रंगाचे, गुळाच्या काकवीसारखे दाट झाले होते आणि दोन बोटांत चोळल्यावर त्यात जांभ्याची कचकच लागत होती.

आमच्या गावचे मिस्त्रीकाका वयाने माझ्या वडिलांएवढे आहेत. त्यांनी चाक काढले, खाली बसून एक्सलकडे बराच वेळ एका बाजूने पाहिले आणि म्हणाले, “झिला, बूट वायट नाय, कोन वायट आसा.” मूळ उंचीवर एक्सल पुढच्या डिफरन्शियलकडून चाकाकडे जवळजवळ आडवा जातो. चकती घातल्यावर चाक खाली सरकते आणि एक्सल तिरका होतो. मग बुटाच्या घड्या एका बाजूला ताणल्या जातात आणि दुसऱ्या बाजूला एकमेकींवर घासत राहतात. त्याहून वाईट म्हणजे चाक हवेत लटकते तेव्हा विशबोन कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे खाली जातो, कारण शॉकअब्सॉर्बर हाच त्याला अडवणारा असतो आणि चकतीने त्यालाच लांब केलेले असते. काकांनी वरच्या विशबोनवर नख ठेवून दाखवले. तिथला रंग खरवडून लोखंड उघडे पडले होते, म्हणजे तो स्प्रिंगला टेकत होता. वरच्या बॉल जॉइंटचे (विशबोन आणि चाक जोडणाऱ्या गोल सांध्याचे) रबरही एका बाजूला फुगले होते.

दुरुस्तीला पूर्ण दिवस गेला आणि तो मी त्यांच्या शेजारी बसून काढला. हब उघडून, खालचा बॉल जॉइंट सोडवून एक्सल बाहेर काढला, जुना बूट कापला आणि सांधा डिझेलच्या घमेल्यात बुडवून ब्रशने धुतला. त्यात पोलादाच्या सहा गोळ्या एका पिंजऱ्यात बसवलेल्या असतात. एकेक गोळी काढून काकांनी फडक्याने पुसली आणि उन्हात फिरवून पाहिली. चार आरशासारख्या होत्या, दोघींवर कण रुतून पडलेले खड्डे होते आणि पिंजऱ्याच्या खाचाही तिथे झिजल्या होत्या. नुसता बूट बदलून भागणार नव्हते, सांधा नवा घ्यावा लागला. बूट फाटल्यावर दोन-तीन दिवसांत लक्षात आले असते, तर धुऊन, मॉलिब्डेनमचे ग्रीस भरून तोच सांधा आणखी कित्येक वर्षे चालला असता. कोकणात पावसाळ्यात फाटका बूट घेऊन हिंडणे म्हणजे सांध्यात पॉलिश पेपर घालून हिंडणे आहे, कारण आमचा लाल चिखल नुसती माती नसतो, त्यात जांभ्याचे कडक लोहयुक्त कण असतात.

मागची बाजू वेगळ्या रीतीने बिघडली. लांब शॅकलमुळे पाटा एका टोकाने कलतो आणि त्याच्याबरोबर एक्सलही किंचित फिरतो, त्यामुळे डिफरन्शियलचे नाक आणि गिअरबॉक्सकडून मागे जोर नेणारा प्रोपेलर शाफ्ट यांचा मेळ बिघडतो. मुंबई-गोवा महामार्गावर ताशी ६० ते ७० च्या वेगात सीटखाली एक थरथर जाणवू लागली. मी चाकांचे बॅलन्सिंग दोनदा करून घेतले आणि पैसे वाया घालवले. थरथर शाफ्टच्या मधल्या बेअरिंगमधून येत होती.

शॅकल काढायला घेतले तेव्हा खाऱ्या हवेने काय केले आहे ते दिसले. पाट्याच्या डोळ्यात रबरी बुश असतो, बुशच्या आत लोखंडी नळी आणि नळीतून बोल्ट. ती नळी आणि बोल्ट गंजून एकजीव झाली होती. पाना फिरवला की बोल्ट फिरे, पण त्याबरोबर अख्खा बुश फिरे. घणाचे ठोके, गंज सोडवणारे तेल, रात्रभर वाट पाहणे, सगळे झाले, आणि शेवटी गॅस कटरनेच बोल्ट कापावा लागला. जळत्या रबराचा तो वास गॅरेजच्या पत्र्याखाली संध्याकाळपर्यंत कोंडून राहिला होता. समुद्रापासून तीन-चार किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाने नवे बोल्ट बसवताना त्यांना गंजरोधक लेप लावलाच पाहिजे. हे पाच मिनिटांचे काम आहे आणि ते न करण्याची शिक्षा तीन वर्षांनी मिळते.

बुशविषयी आणखी एक गोष्ट सांगतो, कारण चांगली गॅरेजेसुद्धा इथे चुकतात. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटपर्यंत आवळू नयेत. रबर आतल्या नळीला चिकटलेले असते. लटकत्या स्थितीत आवळले की तीच त्याची विश्रांतीची जागा ठरते, आणि गाडी जमिनीवर उतरताच ते कायमचे पिळलेले राहते. असा बुश वर्षभरात फाटतो आणि लोक त्याचा दोष बुश बनवणाऱ्याला देतात. बोल्ट हलके लावावेत, गाडी चाकांवर उतरवावी, मागून चार वेळा दाबून हलवावी आणि मगच आवळावेत. एक्सलला पाट्यांशी बांधणारे यू बोल्ट एकदा सोडले की परत वापरू नयेत, कारण ते ताणले गेलेले असतात. नवे बसवल्यावर पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर ते पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत. माझे चारही यू बोल्ट त्या वेळी थोडे थोडे फिरले होते.

२०२१ मध्ये मी चकत्या आणि लांब शॅकल दोन्ही काढून टाकले. आता पुढे नवी स्प्रिंग आणि तिच्या लांबीला जुळणारे शॉकअब्सॉर्बर आहेत, मागे पाट्यांचा पूर्ण नवा संच आहे, आणि उंची मूळपेक्षा जेमतेम ४० मिलिमीटरने जास्त आहे. पाटे निवडताना सर्वांत जास्त विचार वजनाचा करावा लागला. मोहराच्या दिवसांत माझ्या गाडीवर फवारणीची ५०० लिटरची टाकी असते, म्हणजे पाण्याचेच ५०० किलो, वर पंप, पाइप आणि दोन माणसे. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या असतात. उरलेले सात-आठ महिने मागचा हौदा जवळजवळ रिकामा असतो. सतत जड ओझ्यासाठी बनवलेले पाटे घेतले असते तर रिकाम्या गाडीत मागे बसलेल्या आईचे कंबरडे मोडले असते. म्हणून असा संच घेतला की ज्याचा खालचा जाड पाटा ओझे आल्यावरच वरच्या पाट्यांना भिडतो. भरलेली टाकी घेऊन घाटी उतरताना पाणी डचमळते आणि गाडी पुढे लोटली जाते, तेव्हा चांगला शॉकअब्सॉर्बर काय करतो ते अंगाला समजते: गाडी एकदा दबते, वर येते आणि थांबते. पूर्वी ती तीनदा डोलत असे.

उंची बदलल्यावर चाकांचे अलाइनमेंट तर करावेच लागते. वळणानंतर स्टेअरिंग स्वतःहून सरळ येत नसेल तर कॅस्टर, म्हणजे पुढचे चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे कललेला कोन, बिघडला आहे असे समजावे. हेडलाइटकडे मात्र फार थोडे लोक पाहतात. गाडीचे नाक वर गेले की प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो, आणि फोंडा घाटात रात्री समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला त्याचा किती त्रास होतो हे मी स्वतः दुचाकीवर असताना भोगले आहे. दहा मीटरवरच्या भिंतीवर प्रकाशाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण दहा सेंटिमीटर खाली पडावी, एवढी साधी खूण पुरते.

कायद्याविषयी मी स्पष्ट लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद ठामपणे उचलून धरली. माझ्या चकत्या त्याच्या महिनाभरच आधी बसल्या होत्या आणि बसवताना मी कोणालाही विचारले नव्हते. ते चूक होते. नवा संच बसवण्यापूर्वी मी आरटीओत जाऊन विचारणा केली आणि विमा कंपनीला लेखी कळवले. उद्या अपघात झाला तर नुकसान माझ्या एकट्याचे नसेल, समोरच्या माणसाला मिळायची भरपाईही त्यात अडकू शकते.

उंच गाडी पाहिली की पाहुणे विचारतात, “दादा, बीचवर घालू या का?” मी घालत नाही. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत आमच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, तांबळडेगला त्यांची घरटी जपली जातात, आणि दोन टनांच्या गाडीचे चाक वाळूवरून गेले तर खालच्या अंड्यांचे काय होईल हे सांगायला नको. मोकळ्या सड्यावरही मी मळलेली वाट सोडत नाही. कुडोपी गावातल्यासारखी कातळशिल्पे याच जांभ्यावर कोरलेली आहेत, आणि अजून मातीखाली झाकलेली किती असतील कोण जाणे.

आता माझा नेम ठरलेला आहे. पावसाळ्यात दर रविवारी गोड्या पाण्याने गाडीचे पोट धुतो, पाट्यांच्या मधला आणि चेसिसच्या कोपऱ्यांतला चिखल बोटाने उकरून काढतो, कारण ओला चिखल खारी ओल धरून ठेवतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. रबराला तेल लागू देत नाही. मग चटईवर आडवा होऊन पुढच्या एक्सलवरच्या चारही बुटांच्या घड्या बॅटरीच्या उजेडात एकेक उलगडून पाहतो. गेल्या रविवारी उजव्या चाकाकडच्या बुटाच्या तिसऱ्या घडीत केसाएवढी चीर दिसली. ग्रीस अजून बाहेर आलेले नाही. नवा बूट आणि त्याचे पट्टे पडवीतल्या फडताळात तयार आहेत, आणि काकांनी बुधवारी सकाळी गाडी घेऊन ये म्हणून सांगितले आहे.