शंभरीपार वजनाच्या सायकलस्वाराने रोड बाइकची चाके निवडताना

माझे वजन १०४ किलो आहे. त्यात साडेनऊ किलोंची सायकल, भरलेल्या दोन बाटल्या, दिवे, अवजारांची पिशवी आणि लांबच्या राइडला लागणारे थोडेफार सामान धरले, तर रस्त्यावर उतरताना चाकांवर साधारण ११८ किलो भार येतो. चाके बदलण्याचा विचार करणाऱ्या वजनदार सायकलस्वाराने सर्वांत आधी हा एकत्रित आकडा काढून कागदावर लिहून ठेवावा. कंपन्या जी वजनमर्यादा सांगतात, ती कधी केवळ स्वाराच्या वजनाची असते, तर कधी सायकल आणि सामानासह एकूण वजनाची, आणि या दोहोंतला फरक दहा-पंधरा किलोंचा असू शकतो. मॅव्हिकसारखी जुनी कंपनी आपल्या बऱ्याच रोड चाकांसाठी सायकलसह १२० किलोंची मर्यादा सुचवते, म्हणजे माझ्यासारख्या माणसाला तिथे जेमतेम दोन किलोंची मोकळीक उरते, आणि ही मर्यादा आपल्याकडचे खड्डे लक्षात घेऊन ठरवलेली नसते.

चाके बदलायची म्हटले की चर्चा लगेच हलकेपणाकडे वळते. जुन्या जोडीपेक्षा नवी जोडी ४०० ग्रॅमने हलकी आहे, असे दुकानदार सांगतो तेव्हा ते ऐकायला मोठे वाटते, परंतु ११८ किलोंच्या तुलनेत ४०० ग्रॅम म्हणजे एक टक्क्याचा जेमतेम तिसरा हिस्सा होतो. तासाभराच्या चढाईत, जिथे वजनाचा परिणाम सर्वाधिक जाणवतो, तिथेही एवढ्याने सुमारे बारा सेकंद वाचतात. याउलट २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये, साडेतेरा तासांची मुदत चालू असताना मागच्या चाकाचा एक स्पोक तुटला, तर अर्धा-पाऊण तास सहज जातो आणि कधी राइड तिथेच सोडावी लागते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की वजनदार स्वाराने पहिला खर्च मागच्या चाकावर करावा, तो मजबुतीसाठी करावा, आणि त्यातला चांगला वाटा चाक बांधणाऱ्या कारागिराच्या मजुरीसाठी राखून ठेवावा.

मागचेच चाक का, हे समजण्यासाठी चाक भार कसा पेलते ते पाहावे लागते. सायकलीच्या चाकात प्रत्येक स्पोक मुळातच ताणलेला असतो. स्वार बसला की जमिनीजवळ असलेल्या चार-पाच स्पोकचा ताण कमी होतो आणि बाकीच्यांचा जवळपास तेवढाच राहतो. चाक फिरते तसा प्रत्येक स्पोक आळीपाळीने खाली येतो, थोडा सैल पडतो आणि वर जाताना पुन्हा ताणला जातो. २८ मिलीमीटर टायरच्या चाकाचा परीघ सुमारे २.१३ मीटर असतो, त्यामुळे २०० किलोमीटरमध्ये प्रत्येक स्पोक जवळजवळ ९४ हजार वेळा सैल पडून ताणला जातो. लोखंडी तार वारंवार एकाच जागी वाकवली की तुटते, तसाच हा प्रकार आहे, फक्त इथली हालचाल डोळ्यांना दिसत नाही. स्पोक एका मोठ्या धक्क्याने क्वचितच तुटतो. तो या लाखो लहान फेऱ्यांनी थकतो आणि मग एखाद्या साध्या गतिरोधकावर साथ सोडतो.

मागच्या चाकावर एकूण वजनाचा निम्म्याहून अधिक भाग येतो, हे झाले एक कारण. दुसरे कारण त्याच्या रचनेत आहे. उजवीकडे कॅसेटला, म्हणजे गिअरच्या चकत्यांच्या संचाला, जागा द्यावी लागत असल्याने हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याची, उजवी कड आत सरकलेली असते आणि त्या बाजूचे स्पोक जवळजवळ उभे राहतात. रिम, म्हणजे टायर बसतो ती बाहेरची कडी, मध्यावर ठेवायची तर उजव्या स्पोकना जास्त आणि डाव्यांना कमी ताण द्यावा लागतो. उजवीकडे १२० किलोंचा ताण असेल, तर डावीकडे तो ६० किलोंच्या आसपासच राहतो, आणि अकरा गिअरच्या कॅसेट आल्यापासून ही तफावत आणखी वाढली आहे. स्वार जड असेल आणि रस्ता खराब असेल, तर हे डावे स्पोक खड्ड्यात क्षणभर पूर्ण सैल पडतात. तेवढ्यात निपल, म्हणजे स्पोक रिमला जखडणारे छोटे नट, किंचित फिरते, ताण आणखी उतरतो आणि काही दिवसांत चाक आऊट होते, म्हणजे फिरताना डावी-उजवीकडे डुलू लागते. पुष्कळ जण महिन्या-दोन महिन्यांनी आऊट काढून घेतात आणि दोष रस्त्याला देतात. रस्ता वाईट असतोच, पण ते चाकही त्या भारासाठी बांधलेले नसते.

तुटलेला स्पोक टाकून न देता नीट पाहावा. तो बहुधा हबच्या भोकातून बाहेर पडताना जिथे वळतो, त्या कोपरावर तुटलेला असतो. तुटलेल्या टोकाला भिंग लावले, तर एका बाजूला गुळगुळीत, किंचित काळसर झालेला चंद्रकोरीसारखा भाग दिसतो आणि उरलेला भाग खरखरीत, चकचकीत असतो. गुळगुळीत भाग म्हणजे हळूहळू वाढत गेलेली जुनी चीर, आणि खरखरीत भाग म्हणजे शेवटच्या क्षणी तुटलेली धातू. हे दृश्य दिसले की त्या बाजूचे इतर स्पोकही त्याच वाटेवर आहेत असे समजावे. एक बदलला, पंधरवड्याने दुसरा गेला, मग तिसरा, असे सुरू झाले की एकेक स्पोक बदलत बसण्यापेक्षा संपूर्ण चाक नव्या स्पोकांनी बांधून घेणे शहाणपणाचे ठरते.

आता संख्येकडे येऊ. कारखान्यातून येणाऱ्या तयार रोड चाकांमध्ये पुढे २० आणि मागे २४ स्पोक ही जोडी सर्रास आढळते. सत्तर किलोंच्या स्वाराला ती पुरते. शंभर किलोंच्या पुढे मागच्या चाकाला ३२ स्पोक असावेत, ते तीन वेळा एकमेकांना ओलांडतील अशा विणीत बसवलेले असावेत, आणि यात तडजोड करू नये असे मला वाटते. आठ स्पोक वाढल्याने वजन जेमतेम ५० ग्रॅमने वाढते, मात्र प्रत्येकाच्या वाट्याला येणारा भार कमी होतो आणि थकव्याचा वेग बराच उतरतो. त्याहून महत्त्वाचा फरक स्पोक तुटल्यावर कळतो. २४ स्पोकच्या चाकातला एक गेला तर रिम इतकी वाकडी होते की ती ब्रेकला किंवा थेट फ्रेमला घासते. ३२ स्पोकच्या चाकात ब्रेक थोडा सैल करून जपून घरी पोहोचता येते. वरंधा घाटासारख्या ठिकाणी, जिथे सायकल दुरुस्तीचे दुकान मिळण्याची आशाच नसते, या फरकाची किंमत पैशांत करता येत नाही.

स्पोक निवडताना जाड तेवढे मजबूत असा समज आड येतो. दोन्ही टोकांना २ मिलीमीटर आणि मध्ये १.८ मिलीमीटर जाडीचे बटेड स्पोक सरळ २ मिलीमीटरच्या स्पोकपेक्षा जास्त टिकतात, कारण मधला बारीक भाग रबरासारखा किंचित लांबतो, भार आला तरी पूर्ण सैल पडत नाही आणि कोपरावरचा ताण हलका करतो. डीटी स्विसचे कॉम्पिटिशन आणि सॅपिमचे रेस हे या प्रकारातले भरवशाचे स्पोक आहेत. गिअरच्या बाजूला आणखी निश्चिंती हवी असेल, तर कोपराजवळ २.३ मिलीमीटर जाडी असलेले तीन जाडींचे स्पोकही मिळतात, मात्र हबची भोके त्यांना सामावून घेतील का, हे आधी पाहून घ्यावे. निपल पितळीच घ्यावेत. ॲल्युमिनियमचे निपल काही ग्रॅम वाचवतात खरे, परंतु आपल्या पावसाळ्यात आणि विशेषतः कोकणाच्या खाऱ्या हवेत ते गंजून रिमला चिकटतात आणि पुढे आऊट काढताना पान्याखालीच फुटतात.

रिम ॲल्युमिनियमची, दुहेरी भिंतीची, २५ ते ३० मिलीमीटर खोलीची आणि आतून किमान १९ मिलीमीटर रुंद असावी. खोल रिम अधिक ताठ असते, त्यामुळे खालच्या स्पोकवर येणारा भार ती शेजारच्या स्पोकांतही वाटून देते. मागच्या चाकासाठी, शक्य असेल तर, जिची भोके मध्यापासून डावीकडे सरकवलेली असतात अशी रिम घ्यावी. एवढ्या छोट्या बदलाने दोन्ही बाजूंच्या ताणातील तफावत बरीच कमी होते, आणि वर सांगितलेल्या डाव्या स्पोकांच्या दुखण्यावर हा सर्वांत स्वस्त इलाज आहे.

हल्ली अनेक नव्या चाकांच्या रिमना टायर धरून ठेवणारी आतली कडा, म्हणजे हुक, नसते. अशा हुकलेस रिमवर रोड टायरमध्ये ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआयपेक्षा अधिक हवा भरता येत नाही (बार आणि पीएसआय ही हवेचा दाब मोजण्याची एकके). माझ्या वजनाला २८ मिलीमीटरच्या मागच्या टायरमध्ये ८५ पीएसआयच्या आसपास हवा लागते. कमी भरली तर खड्ड्यात टायर दबून रिमची कड ट्यूबला चावते. हुकलेस चाके घ्यायचीच असतील, तर ३२ मिलीमीटर टायर बसण्याइतकी जागा फ्रेममध्ये असलीच पाहिजे. खरे म्हणजे फ्रेमला झेपेल तेवढा रुंद टायर लावणे हा सगळ्याच वजनदार स्वारांसाठी चाकाचे आयुष्य वाढवण्याचा सोपा उपाय आहे. रुंद टायरमध्ये ७० पीएसआयवर भागते आणि प्रत्येक धक्क्यातला काही वाटा स्पोकपर्यंत पोहोचण्यापूर्वीच हवेत जिरतो.

हबबाबत एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण सुरुवातीच्या किमतीच्या पुष्कळ सायकलींना ती लागू पडते. सात गिअरच्या स्वस्त सायकलींत कॅसेटऐवजी फ्रीव्हील, म्हणजे गिअरच्या चकत्यांचा अखंड गोळा, हबवर आट्यांनी बसवलेले असते. त्यात उजवीकडचे बेअरिंग फ्रीव्हीलच्या आत खोल राहते आणि तिथून फ्रेमपर्यंतचा एक्सलचा (हबमधून आरपार जाणाऱ्या दांड्याचा) लांब तुकडा आधाराविना भार सोसतो. वजनदार स्वाराखाली हा एक्सल वाकतो आणि कधी तुटतोही. कॅसेटच्या हबमध्ये उजवे बेअरिंग बाहेरच्या टोकाला असते, त्यामुळे ही अडचण मिटते. अशी सायकल असेल, तर नुसती रिम बदलून उपयोग नाही, हबही बदलावा. शिमानोच्या १०५ सारख्या हबमध्ये सुटे छर्रे आणि त्यांना जागेवर धरणारे शंकूच्या आकाराचे ‘कोन’ असतात, ते उघडून, धुऊन, नवे ग्रीस भरता येते, आणि दर पावसाळ्यानंतर हे केले तर हब वर्षानुवर्षे चालतो. सीलबंद बेअरिंगचा हब घेताना त्यातल्या बेअरिंगचा क्रमांक विचारावा. ६९०२ सारखा प्रचलित क्रमांक असेल, तर ते शहरातल्या कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळू शकते, त्यासाठी परदेशातून पार्सल येण्याची वाट पाहावी लागत नाही.

उत्तम सामान घेऊनही बांधणी कच्ची असेल तर सारे व्यर्थ जाते. माझे मागचे चाक पेठेतल्या ज्या कारागिराने बांधले, त्याचे काम मी शेजारी बसून पाहिले. स्पोकच्या आट्यांना तेलाचे बोट लावून त्याने निपल थोडे थोडे, सगळे सारख्या फेऱ्यांनी आवळत आणले. रिम सरळ दिसू लागल्यावर पुष्कळ जण तिथे थांबतात, त्याचे खरे काम मात्र तिथून सुरू झाले. समांतर जाणारे दोन-दोन स्पोक तो हातमोजे घालून मुठीत घट्ट दाबत होता, तसे चाकातून टिक-टिक असे बारीक आवाज येत होते. पीळ पडलेले स्पोक सुटत होते आणि कोपर हबच्या कडेवर नीट बसत होते. पुन्हा मोजणी, पुन्हा आवळणे, पुन्हा दाबणे, असे आवाज पूर्ण थांबेपर्यंत चालले. शेवटी त्याने ताणमापक लावून एकेका बाजूचे आकडे वाचून दाखवले, आणि एकाच बाजूच्या स्पोकांमध्ये दहा टक्क्यांहून अधिक फरक राहू दिला नाही. जो कारागीर ताणमापक वापरतो आणि आकडे दाखवायला तयार असतो, त्याला मागेल ती मजुरी द्यावी. पहिल्या तीन-चारशे किलोमीटरनंतर चाक पुन्हा त्याच्याकडे नेऊन ताण तपासून घ्यावा.

कार्बनबद्दल थोडक्यात सांगतो. सायकलीला रिम ब्रेक असतील, तर घाटात उतरणाऱ्या वजनदार स्वाराने कार्बन रिम टाळाव्यात. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना सुमारे साडेपाचशे मीटर उंची उतरते, आणि ११८ किलोंच्या हिशोबाने ही ऊर्जा सहा लाख ज्यूलहून अधिक भरते. काही हवेत जाते, उरलेली ब्रेकमधून रिममध्ये उष्णता बनून उतरते. ॲल्युमिनियम ती पटकन बाहेर टाकते. कार्बनमधली राळ तापून मऊ पडली, तर रिमची कड फुगते आणि ट्यूब फुटते. डिस्क ब्रेकच्या सायकलीला हा धोका नाही, मात्र तिथे ब्रेकचा जोर हबपासून रिमपर्यंत स्पोकांतूनच जातो, म्हणून पुढच्या चाकालाही निदान २८ स्पोक हवेत.

रिम ब्रेकच्या सायकलीचे पुढचे चाक दोन्ही बाजूंनी सारखे ताणलेले असते आणि त्यावर भारही कमी येतो. ते सरळ असेल आणि रिमची ब्रेक घासणारी बाजू झिजून आत खोलगट झालेली नसेल, तर ते तसेच चालू द्यावे आणि वाचलेले पैसे चांगल्या टायरवर घालावेत. नवे मागचे चाक घेताना कारागिराकडून उजव्या आणि डाव्या स्पोकची नेमकी लांबी लिहून घ्यावी, कारण दोन्हींत एक-दोन मिलीमीटरचा फरक असतो, आणि प्रत्येक बाजूचे दोन जादा स्पोक निपलसह मागून घेऊन फ्रेमच्या खालच्या नळीला चिकटपट्टीने बांधून ठेवावेत.