थॉमसच्या डोंगरावर

गुड फ्रायडेला केरळातला मलयाट्टूरचा डोंगर चढायचा तर आदल्या रात्रीच निघा, असं अप्पचननी बजावलं होतं. उन्हं वर आली की खडक तापतो, आणि गर्दी तर विचारूच नका. अप्पचन म्हणजे अंगमालीच्या माझ्या मित्राचे वडील. मी वसईचा. क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या क्रूस वाहून नेण्याची आठवण करत म्हटलेली प्रार्थना, लहानपणापासून केलेली, पण चर्चच्या आवारात. चौदा स्थानं, प्रत्येक ठिकाणी गुडघे टेकायचे आणि तासाभरात घरी. इथे तीच वाट अख्ख्या डोंगरावर पसरली आहे.

निघण्याआधी घरात पेसहा झाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीचं जेवण. अम्मचीने, मित्राच्या आईने, बिनखमिराचा अप्पम वाफवला होता. त्यावर झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेल्या झावळीचा छोटासा क्रूस. सोबत नारळाचं दूध आणि गूळ घालून केलेलं ‘पाल’. अप्पचननी प्रार्थना म्हणून अप्पम मोडला आणि थोरांपासून धाकट्यांपर्यंत सगळ्यांच्या हातावर ठेवला. ज्या घरात वर्षभरात मयत झालेलं असतं, तिथे पेसहा करत नाहीत, शेजारचे लोक त्यांना नेऊन देतात. अम्मचीने आमच्या आधी तो डबा भरून ठेवला होता.

रात्री अकराच्या सुमारास रस्त्याला लागलो. मध्ये काळडी लागतं, आद्य शंकराचार्यांचं गाव. पेरियारच्या पाण्यात मगरीने पाय धरला, तेव्हा आर्याम्बेने पोराला संन्यासाची परवानगी दिली, ती कथा तिथलीच. क्रुसाच्या वाटेवरच्या चौथ्या स्थानात येशूला त्याची आई भेटते. त्यागाची गोष्ट सांगताना आपण जाणाऱ्याबद्दलच भरभरून बोलतो, सोडणारीबद्दल फारसं नाही.

काळडीच्या पुढे गर्दी दाट होत गेली. कोणाच्या हातात दोन काटक्या दोऱ्याने बांधलेला क्रूस, तर कुठे आठ-दहा पोरांनी मिळून खांद्यावर घेतलेला ओंडक्यांचा. खांद्यावर, क्रुसाखाली घडी घातलेलं मुंडू, म्हणजे इथलं लुंगीसारखं धोतर. पुढचा ओरडतो, “पोन्निन कुरिशु मुत्तप्पो!” मागचे उचलतात, “पोन्मल केट्टम!” सोन्याच्या क्रुसाच्या आजोबाला हाक आणि सोन्याच्या डोंगराची चढण. वारीत ‘ज्ञानोबा-तुकाराम’चा ठेका धरला की पाय आपोआप पडत राहतात, तसंच हे.

येशूचा शिष्य संत थॉमस इ.स. 52 मध्ये केरळच्या किनाऱ्यावर कोडुंगल्लूरला उतरला आणि पुढे या डोंगरावर, कुरिशुमुडीवर, प्रार्थनेला येऊन राहिला, अशी इथल्या लोकांची श्रद्धा. वर खडकावर त्याच्या पावलाची खूण दाखवतात.

अडिवारमपासून, म्हणजे पायथ्यापासून, चढ सुरू होतो. दगड, मुळं, पुन्हा दगड. बरेच जण अनवाणी. खरं सांगायचं तर इथे नवसाचा बाजारही कमी नाही. पोराला व्हिसा मिळू दे, मुलीचं लग्न जमू दे, मी क्रूस वाहीन. देवाशी असा सौदा मला खटकतो. क्रुसावरच्या बलिदानाने त्या सौद्याचा हिशोबच मिटवला, असं आम्ही मानतो. देवाला आमच्या रक्ताळलेल्या टाचांची गरज नाही.

पण पाचव्या स्थानापाशी वेगळंच पाहिलं. एक साठीची बाई एकटीच मोठा क्रूस ओढत होती आणि मध्येच बसली. मागून येणाऱ्या एका पोराने काही न विचारता क्रुसाचं मागचं टोक उचललं. पोराच्या कानात इअरफोन, तोंडात च्युइंगम. चेहऱ्यावर भक्ती वगैरे काही नाही, उलट थोडा वैताग. पाचवं स्थान म्हणजे सायरीनचा सायमन. तोही राजीखुशीने आला नव्हता. शेतावरून येत होता, शिपायांनी धरला आणि क्रूस खांद्यावर दिला. मनापासून केलेला तोच त्याग, असं आपण उगाच धरून बसतो. ओझं तर हललं ना!

वर पोहोचलो तेव्हा उजाडलं होतं. लोकांनी वाहून आणलेल्या क्रुसांचा ढीग पडलेला. जवळच एक जुनं चर्च आहे, ज्याच्या भिंतीवर हत्तींच्या सुळ्यांच्या खुणा दाखवतात.

या डोंगराची मोठी जत्रा मात्र गुड फ्रायडेला संपत नाही. ती ईस्टरनंतरच्या रविवारी, ‘पुदु ञायर’ला, म्हणजे नव्या रविवारी. त्या दिवशी शुभवर्तमानातून वाचतात ती गोष्ट थॉमसचीच. खिळ्यांचे वण पाहिल्याशिवाय, त्यात बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही, म्हणून अडून बसलेला हा माणूस. आठ दिवसांनी येशू येतो आणि म्हणतो, बोट इकडे कर. मला ईस्टर कळतो तो इथून. मरणातून उठलेल्या देहावर जखमा तशाच आहेत. पुनरुत्थानाने त्या पुसल्या नाहीत, आणि ओळख पटली तीही त्यांच्यावरूनच. ईस्टर म्हणजे झालं गेलं विसरा, सगळं छान आहे, अशी प्रवचनं मी पुष्कळ ऐकली आहेत. ज्या घरात पेसहाचा डबा शेजाऱ्याकडून येतो, त्या घरात जाऊन ते बोलून दाखवा.

उतरल्यावर खाली चर्चमध्ये कांजी आणि मुगाची उसळ, घोटभर कारल्याचा रस. कडूजहर.

शनिवारी मध्यरात्रीनंतर मिस्सा संपवून घरी आलो तर अम्मचीने पहाटेच पालप्पम आणि मटण स्ट्यू मांडलं होतं. पन्नास दिवसांचा नोंबु, म्हणजे उपवास, होता. मासळी, मटण, अंडी काही नाही, आणि त्यातून वाचलेले पैसे चर्चच्या पेटीत. अप्पचननी तिसऱ्यांदा ताट पुढे केलं. अम्मचीने त्यांच्या कोलेस्टेरॉलची आठवण करून दिली, आणि वाढलंही.